झोताभोवतीची हवा

विघ्नहर्त्या श्रीगजाननाला आणि घरोघरी देवापुढे ज्योतीच्या रूपाने राहणाऱ्या अग्निनारायणाला वंदन करून हे लिहायला बसलो आहे. निमित्त माझ्या सुनेच्या, कै. सौ. मंजुळेच्या, स्मरणाचे. तिचे दुसरे मासिक नुकतेच झाले. पुरवणीच्या संपादकांनी चार शब्द लिहून द्या म्हणून सुचवले, तेव्हा सासऱ्याने सुनेविषयी लिहिणे कितपत शोभते असा संकोच मनात आला. पण तिच्या विषयातले जाणते लोक तिच्याविषयी लिहितील ते त्यांच्या सभांमध्ये लिहितील. घरात आणि घराबाहेर तिने आपली विद्या कशी वापरली, हे मी जवळून पाहिले आहे. तेवढेच सांगावे, म्हणून संकोच बाजूला ठेवला.

ती गेली त्या सकाळी मी देवघरात होतो. रक्ताच्या आजाराने ती बरेच दिवस रुग्णालयात होती आणि माझा मुलगा श्रीधर तिच्याजवळच राहत होता. निरांजन लावून मी घंटा हातात घेतली, तोच फोन वाजला. श्रीधर म्हणाला, "बाबा... मंजू गेली." सुतक लागले होते. घंटा खाली ठेवली आणि निरांजन तूप संपेपर्यंत जळू दिले. देवघराच्या खिडकीच्या गजाला काळ्या लोकरीचा एक बोटभर धागा बांधलेला आहे. तो मंजुळेने बांधला होता. ज्योत विझेपर्यंत मी त्या धाग्याकडेच पाहत होतो. तो सरळ खाली लोंबत होता, जराही हलत नव्हता. त्या धाग्याची हकीकत सांगितली म्हणजे मंजुळेची बरीचशी सांगून होईल, असे मला वाटते.

मंजुळा वडीगोद्रीची. तिच्या आजोबांची मेंढरे होती. वडिलांनी मेंढरे कमी करून शेती धरली, आणि थोरले भाऊ मल्हारराव जालन्याच्या एका पोलाद गिरणीत वेल्डिंगच्या कामाला लागले. ही मात्र शिकत गेली. पदार्थविज्ञानात पदवी घेऊन पुढच्या संशोधनासाठी ती परगावी गेली, तिथेच श्रीधरची आणि तिची ओळख झाली. आमचे घराणे मूळचे शहागडचे, गोदाकाठचे. मी स्वतः पाठशाळेत शिकलो, आणि जन्मभर जालन्यातल्या शाळेत संस्कृत शिकवले. लग्न ठरले तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी जे बोलायचे ते बोलून घेतले. मी मुलीला एकच विचारले, "आमच्या घरी सोवळ्याओवळ्याची पद्धत आहे, तुला जमेल का?" तिच्या आई गयाबाई शेजारी बसल्या होत्या. मुलीने तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमी सोवळ्यात काय नेसता?" मी म्हणालो, "धाबळी." पूजेच्या वेळी नेसायचे ते लोकरीचे वस्त्र. गयाबाई हसल्या. "मंग? आमची मेंढरं नसती तर तुमचं सोवळं कशाचं झालं असतं?" लग्न झाले. पुढे गयाबाईंनी स्वतः टकळीवर कातलेल्या लोकरीची धाबळी मला विणून घेऊन पाठवली. ती मी आजही नेसतो.

तिचा विषय माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो, चूक राहिली तर जाणकारांनी सांभाळून घ्यावी. आरगॉन नावाचा एक वायू तांब्याच्या अरुंद नळीतून सोडतात आणि त्या नळीत विजेची ठिणगी अखंड पेटती ठेवतात. ठिणगीतून जाताना वायू इतका तापतो की तो साधा वायू राहत नाही. त्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. नळीच्या तोंडातून तो झोत होऊन बाहेर पडतो, आणि त्यात धातूची बारीक पूड सोडली की पूड क्षणात वितळून समोरच्या वस्तूवर लेपासारखी बसते. झिजलेला भाग असा पुन्हा भरून काढता येतो. मंजुळेचा प्रश्न झोत बाहेर पडल्यानंतरचा होता. भोवतालची गार हवा त्या झोतात कशी शिरते, किती शिरते, आत आल्यावर ती किती वेळाने मिसळते आणि झोताची उष्णता तिच्याकडे किती जाते, याचे गणित ती मांडत असे. संगणकात ती त्या झोताचे असंख्य बारीक चौकोन पाडी, आणि प्रत्येक चौकोनात शेजारून किती वायू आला, किती उष्णता आली आणि किती निघून गेली याचा हिशेब चाले. या साऱ्या मांडणीला ती 'मॉडेल' म्हणे. लग्नानंतर ती जालन्यातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवू लागली. रविवारी दुपारी तिचा संगणक जेवणाच्या टेबलावर असे, आणि पडद्यावर पिवळ्या-तांबड्या रंगांची एक लांबट ज्योत दिसत असे.

एकदा मी तिला विचारले, "हवा त्या झोतात आपण होऊन जाते, की झोत तिला ओढून घेतो?" ती म्हणाली, "झोतच ओढतो, बाबा. जोरात निघालेला झोत एकटा राहूच शकत नाही. नळीपासून वीतभर पुढे गेला, की त्यात आरगॉनपेक्षा बाहेरची हवाच जास्त असते." मला याचे फार आश्चर्य वाटले. मग ती म्हणाली, "आणि गंमत म्हणजे ती हवा आत शिरली तरी लगेच मिसळत नाही. गठ्ठ्यागठ्ठ्यांनी गारच फिरत राहते. चहूबाजूंनी आग आणि मध्ये गार गठ्ठे. मग हळूहळू फुटतात, मिसळतात, तापतात." थोडे थांबून, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी या घरात आले तेव्हा पहिली दोन वर्षं तशीच होते की." माझी पत्नी तेव्हा हयात होती. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "गार कसली, लाल मिरचीचा गठ्ठा होता तो!" त्या दिवशी आम्ही तिघेही पुष्कळ हसलो...

मल्हाररावांनी गिरणीतली नोकरी सोडून औद्योगिक वसाहतीत स्वतःची शेड टाकली, ती बहिणीच्या विद्येच्या भरवशावर. गिरण्यांत तापलेले पोलाद ज्या जाड रोलमधून दाबून काढतात, त्या रोलची टोके फिरून फिरून झिजतात. त्यांवर प्लाझ्माचा लेप द्यायचा, हे काम तेव्हा जालन्याबाहेर जात असे. मल्हाररावांनी यंत्र आणले, गावाकडची पाच-सहा मुले हाताशी घेतली, आणि शेड उभी राहिली. पहिला हिवाळा उत्तम गेला. उन्हाळ्यात मात्र लेप सुटू लागले. हिवाळ्यात पुन्हा नीट, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. गिरणीच्या व्यवस्थापकांनी शेवटी सांगून टाकले, की आणखी एका रोलचा लेप सुटला तर सारे काम पूर्वीप्रमाणे बाहेरच्या राज्यात जाईल. ते काम गेले असते तर शेडला दुसरे काम नव्हते. मुले गावी परतली असती, आणि मल्हाररावांना या वयात पुन्हा कोणाच्या तरी दारात वेल्डिंगचे काम मागायला जावे लागले असते.

मंजुळा तिकडे अनेकदा गेली. उडत्या पुडीची उष्णता आणि वेग प्रकाशावरून मोजणारे एक उपकरण महाविद्यालयात होते, ते परवानगी काढून ती सोबत नेत असे. तिने मोजले की मोजणी तिच्या मॉडेलशी बरोबर जुळत असे. तिच्यासमोर लेप दिलेले नमुन्याचे तुकडे हातोडीने ठोकले तरी लेप सुटत नसे. ती परत आली की पुढच्या आठवड्यातला लेप मात्र सुटायचा. यावरून तिने जो निष्कर्ष काढला तो कोणीही काढला असता. मुले आणि मल्हारराव उकाड्याने थकतात, हात ढिला पडतो, गन, म्हणजे झोत सोडणारी ती नळी, आणि रोल यांच्यातले अंतर सांभाळले जात नाही. हे ती एकदा गिरणीच्या लोकांच्या देखत बोलली. मल्हारराव नंतर आमच्या घरी आले तेव्हा चहाचा कप तसाच ठेवून मला म्हणाले, "गुरुजी, जलम गेला माझा वेल्डिंगमधी. डोळे झाकून शिवण मारतो मी. अन् ही म्हणून राह्यली, दादाचा हात ढिला हाय." मी म्हणालो, "ती यंत्राने मोजून बोलते, मल्हारराव." ते म्हणाले, "तेच तर! यंत्र खोटं बोलत न्हाई, तीबी खोटं बोलत न्हाई. मंग लबाड कोण? मीच ना?" मंजुळा आतल्या खोलीत होती, आणि तिला हे ऐकू गेले होते. त्या रात्री ती नीट जेवली नाही.

तिचा आजार त्याच सुमारास कळला. उपचार सुरू झाले, अशक्तपणा आला, पण शेडचा विषय तिच्या मनातून गेला नाही. "माझं गणित खरं आहे आणि दादाचा हातही खरा आहे, असं दोन्ही कसं असेल, बाबा?" असे ती मला विचारी. मी न्यायशास्त्र थोडेफार वाचलेले. मी म्हणालो, "दोन्ही प्रमाणे, म्हणजे जाणण्याची साधने, खरी असतील आणि तरी विरोध दिसत असेल, तर तिसरे काहीतरी दिसायचे राहिले आहे." यात मी काही मोठे सांगितले असे नाही, पाठशाळेतल्या कोणत्याही विद्यार्थ्याने हेच सांगितले असते. तिने मात्र ते मनावर घेतले. हवा शोषून बाहेर टाकणारा जो पंखा झोताच्या मागे बसवलेला होता, तो कुठेतरी वाकडा ओढत असेल अशी तिला शंका आली. हवेची दिशा पाहण्यासाठी प्रयोगशाळेत बारीक धागे बांधतात म्हणे. तिने वडीगोद्रीला आईकडे निरोप पाठवला, की टकळीवरची काळी लोकर पाठव, अगदी बारीक कातलेली. लोकर वजनाला हलकी, सुती दोऱ्यासारखी लगेच पेटत नाही, आणि शेडच्या पांढऱ्या भिंतीपुढे काळा धागा चटकन दिसतो. गयाबाईंनी निरोप आणणाऱ्याला म्हणे विचारले, "लेकीला घोंगडं इनायचंय का काय, या वैशाखात?"

त्या वैशाखातच एका दुपारी, दवाखान्यात तपासणी करून परत येताना, तिने गाडी शेडकडे वळवायला सांगितली; धागे आणि महाविद्यालयातले ते उपकरण तिने निघतानाच गाडीत घेतले होते. मी सोबत होतो. त्याआधी मी तिथे कधी गेलो नव्हतो. व्याह्यांकडचे कोणी प्रथमच येत आहे, म्हणून मल्हाररावांनी मोठी धावपळ केली. "गुरुजी आले! अरे, खुर्ची पुसा. गुरुजींना पाणी द्या जल्दी!" पत्र्याची शेड, बाहेर ऊन, आणि आत भट्टीसारखा उकाडा. तीन बाजूंनी बंद असलेल्या एका खोलीत रोल फिरत होता, आणि तिच्या उघड्या बाजूशेजारी चाकांवरचा एक मोठा लोखंडी कूलर उभा होता. आम्ही खुर्चीवर बसताच एका मुलाने तो ढकलत आणून आमच्याकडे तोंड करून ठेवला. गवताच्या ओल्या पडद्यांतून आलेला गार वारा एकदम अंगावर आला. मंजुळा तेवढ्यात खोलीच्या तोंडाशी ताणलेल्या जाळीला धागे बांधू लागली. भावाने स्टूल पुढे केले तेव्हा ती म्हणाली, "दादा, मी पडत न्हाई." ते म्हणाले, "पडली तर आई मला घोंगड्यात गुंडाळून मारंल." एवढे बोलणे बहीणभावांत बऱ्याच दिवसांनी झाले होते, हे मला ठाऊक होते.

मग त्यांनी झोत पेटवला. मला काळी काच आणि कानात घालायला बोळे दिले होते, तरी तो आवाज छातीत घुमला, कोरे कापड एकसारखे फाडत राहावे तसा. काचेतून जे दिसले ते मी जन्मभर पाहिलेल्या कोणत्याच अग्नीसारखे नव्हते. ना धूर, ना इंधन, नुसती एक पांढरी रेघ. माझे हात आपोआप जोडले गेले. एक मुलगा दुसऱ्याला कोपराने ढोसून हसला. मल्हारराव त्याच्यावर ओरडले, "हसून काय राह्यला रे? आपण न्हाई का दसऱ्याला गनला हळद-कुंकू लावत?" जाळीवरचे धागे मंदपणे आत, झोताच्या दिशेने झुकले होते. मंजुळेने उपकरणात पाहिले आणि मान हलवली. सारे बरोबर होते. पंख्यात दोष नव्हता, मॉडेलमध्ये नव्हता, आणि त्या क्षणी मल्हाररावांच्या हातातही नव्हता. तिने ओढणीने चेहरा पुसला. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला. दोष सापडला नाही, म्हणजे तो पुन्हा भावाच्या हातावरच जाणार होता.

मला त्या दिवसांत खोकला होता. कूलरच्या ओल्या वाऱ्याने घसा धरला आणि उबळ येऊ लागली. मी मल्हाररावांना म्हणालो, "हा वारा मला सोसत नाही. कूलर नेहमी असतो तिथे असू द्या." ते संकोचले. "गुरुजी, पाव्हण्याला घामात बसवायचं म्हंजे..." मी पुन्हा सांगितल्यावर त्यांनी मुलाला खूण केली. मुलाने कूलर ढकलत पुन्हा खोलीच्या उघड्या बाजूला नेला आणि काम करणाऱ्यांकडे त्याचे तोंड केले. त्याबरोबर जाळीवरचे सारे धागे एका दिशेला आडवे झाले. एकही खाली लोंबत राहिला नाही. झोताची ती पांढरी रेघही किंचित वाकली आणि आखूड झाल्यासारखी दिसली.

मंजुळा त्या धाग्यांकडे पाहत राहिली. मग हात वर करून तिने झोत बंद करायला लावला. शेडमध्ये एकदम शांतता झाली, फक्त कूलरची घरघर उरली.

"दादा, हा कूलर रोज इथंच असतो का?"

"मंग कुठं असंल? पोरं उकाड्यानं पडतील की."

"मी आले तवा तर कधीच इथं नव्हता."

"तू आलीस की तुझ्याकडं फिरवतो ना, बया! बहीण आली तर तिला वारा घालू नको का?"

ती खाली बसली. मी घाबरून उठलो, पण ती हसत होती. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. मग उठली, मुलांच्या देखत भावासमोर गेली आणि म्हणाली, "दादा, तुझा हात बराबर होता. चूक माझी होती. मी हवा थांबलेली धरली, कोरडी धरली. माझ्या सगळ्या गणितात तुझा कूलरच न्हाई." मल्हारराव गोंधळून गेले. इतकेच म्हणाले, "अगं, कूलरच तर हाय. त्यात रडायचं काय?" आणि बाजूच्या मुलाला, "ए, ताईला पाणी दे."

आता हे सारे किती साधे वाटते. मोजणाऱ्या पाहुणीचा मान राखण्यासाठी कूलर तिच्याकडे फिरवला जाई, म्हणून तिच्यासमोर झोताभोवतीची हवा नेहमी स्थिर असे. तिची पाठ वळली की ओली, धावती हवा आडवी येऊन झोतात शिरे, झोत लवकर गार होई आणि पुडीचे कण अर्धवट वितळूनच रोलवर आदळत. हिवाळ्यात कूलर लागत नसे, म्हणून हिवाळ्यातले काम टिके. भावाने बहिणीवर माया केली नसती तर बहिणीला भावाची चूक वाटलीच नसती... मी यावर पुष्कळ विचार केला आहे, पण त्यातून शिकवण काढण्याचा मोह आवरतो. जे घडले ते असे घडले.

कूलर बंद करा, असे सांगून विषय संपवता आला असता. गिरणीच्या व्यवस्थापकांनी तेच सुचवले. मंजुळेने ऐकले नाही. "पोरांचा वारा बंद करून मला माझं गणित खरं करायचं नाही," ती मला म्हणाली. "तो वारा त्या शेडमध्ये आहे, तर तो मॉडेलमध्येही असला पाहिजे." पुढचे सारे काम तिने रुग्णालयात केले. सलाईन डाव्या हाताला, आणि उजव्या हाताने ती संगणकावर चौकोन पाडी. त्या चौकोनांत आता आडवी, ओलसर हवा आली होती. श्रीधर चिडे, डॉक्टर रागावत. मी भेटायला गेलो की ती मला पडदा दाखवी. कूलर इथे ठेवला तर झोत असा वाकतो, तिथे ठेवला तर इतका, मध्ये ताडपत्रीचा पडदा सोडला तर धागे लोंबते राहतात आणि मुलांच्या पाठीला वाराही लागतो. एकदा मी म्हणालो, "मंजुळे, आता विश्रांती घे. बाकीचे दुसरे कोणी करील." ती म्हणाली, "करतील की, बाबा. पण दादाला मीच सगळ्यांदेखत बोलले होते. ते दुसऱ्या कुणाला कसं फेडता येईल?" अशा वेळी थांबवणे हा अधर्म ठरला असता.

शेवटी एक जागा निघाली. कूलर मुलांच्या मागे, शोषून घेणाऱ्या पंख्याच्या बाजूला तोंड करून, आणि मध्ये खांद्याइतक्या उंचीचा ताडपत्रीचा पडदा. जाळीवरचे धागे तसेच ठेवायचे, आणि ते आडवे झाले की काम थांबवायचे, एवढा नियम तिने मल्हाररावांना फोनवरून सांगितला. ऐन उकाड्यात, त्या नव्या मांडणीने गिरणीचा पुढचा रोल झाला आणि गिरणीत जाऊन फिरू लागला. तो मोसम संपल्यावर उतरेल, तेव्हाच लेप टिकला की सुटला ते कळणार होते. मधल्या काळात ती आठवडाभर घरी आली होती. देवघरातल्या निरांजनाची ज्योत फडफडते म्हणून मी वातीला दोष देत होतो. तिने उरलेल्या लोकरीतला एक धागा देवघराच्या खिडकीला बांधला, स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा लावला आणि म्हणाली, "बघा." धागा खिडकीकडून आत वळला. पंखा बंद केला, धागा सरळ झाला आणि ज्योतही स्थिर झाली. लोकर सोवळ्याला चालते, तेव्हा धागा तिथेच राहू दिला. त्यानंतर ती रुग्णालयात गेली ती परत आली नाही. रोल तोवर गिरणीतच होता. शेवटच्या भेटीत तिने मला विचारले, "दादाचा फोन आला का?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "येईल." आणि डोळे मिटून पडून राहिली.

तिच्या अस्थी आम्ही शहागडला गोदावरीत सोडल्या. मल्हारराव पाण्यात कमरेइतके उतरले होते. शेडविषयी त्या दिवशी कोणी काही विचारले नाही.

परवा दुसरे मासिक झाले, आणि त्याच दिवशी संध्याकाळी मल्हारराव आले. मी देवघरात दिवेलागणीची तयारी करत होतो. तिथेच दाराशी ते भिंतीला टेकून बसले. उन्हातून आलेले, सदरा भिजलेला. मी उठून कोपऱ्यातला टेबलपंखा लावला आणि त्यांच्याकडे तोंड करून ठेवला. घरी आलेल्या माणसाला वारा घालायचा, हे हाताच्या सवयीने झाले. ते घाम पुसत म्हणाले, "गुरुजी, रोल उतरला." मी वाट पाहिली. "टिकलं. मॅनेजरनं सोता नख लावून पाह्यलं, हातोडी मारली. बिलकुल हललं न्हाई. पुढचे समदे रोल आपल्याकडंच." थोड्या वेळाने म्हणाले, "पोरं आता धागे पाह्यल्याबिगर गनला हात लावत न्हाईत. सकाळी आले की पहिले जाळीकडं बघतात, मंग माझ्याकडं..."

मी निरांजनाची वात सारखी करून काडी ओढली. ज्योत लागली आणि लगेच वाकडी झाली. मल्हाररावांची नजर खिडकीकडे गेली. काळा धागा पंख्याच्या वाऱ्याने आडवा झाला होता. ते उठले, पंख्याचे बटण बंद केले, आणि तसेच घामात येऊन माझ्या शेजारी बसले. पाती थांबेपर्यंत आम्ही दोघे धाग्याकडे पाहत होतो. तो हळूहळू खाली आला, दोनदा हलला, आणि सरळ झाला. मग ज्योतही उभी राहिली, आणि आम्ही दोघांनी हात जोडले.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी देवापुढची ज्योत अशीच स्थिर राहो. घरातल्या लेकीसुनांना दीर्घायुष्य मिळो, बहिणीला भावाची आणि भावाला बहिणीची ओढ राहो, आणि दारी आलेल्याला वारा घालणारे हात त्या घरात कधी कमी न पडोत, असा या वृद्धाचा आशीर्वाद आहे. शुभं भवतु.